शांततेसाठी एक तंटा पाहिजे

...न्हाई न्हाई, हार नको, काढा तो हार आधी, मानेला टोचतोय, आन् फुलं बगा की, सुकलेली हायत, म्हंजे हा कालच्या कुन्या दुसऱ्याच पाव्हन्याचा हाय... आसू द्या, आसू द्या, वाईट न्हाई वाटलं. पन 'मार्गदर्शक' म्हनू नका मला! तुमाला सांगतो मंडळी, मी येनारच नव्हतो. जिल्ह्याच्या साहेबांचा फोन आला, "बसवराजआप्पा, तलवाड्याला जा, तिथल्या लोकांना बी शांतता पाहिजे, तुमचा अनुभव सांगा." म्हनलं साहेब, अनुभव सांगन्यासारखा न्हाई हो. तर म्हनतात कसे, "असं कसं आप्पा? तुमच्या गावाला शांततेची ढाल मिळाली, तुमी आदर्श समेटकर्ते हायत, कॉम्प्युटरात नोंद हाय!" झालं! एकदा का कॉम्प्युटरात नोंद हाय म्हनलं, मंग मानसानं तोंड उघडायचंच कशाला?

तर ऐका आता. मी किरानावाला. नांदूरघाटापासून दोन कोसांवर आमचं गाव, नाव सांगत न्हाई, ढालीवर कोरलंय तेवढं बास. बापाचं दुकान, दुकानामागं चार एकर रान, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, घरात नीलाबाई, आन् तीस वर्सांचा एकच दोस्त, सुग्रीव. धनगर. दीडशे मेंढरं. दर उन्हाळ्यात त्याची मेंढरं माझ्या रानात मुक्कामाला बसायची. मेंढरं लेंडी टाकनार, रानाला खत मिळनार, बदल्यात मी त्याला पायलीनं ज्वारी मापून देनार. हे तुमाला काय सांगायचं, तुमच्याकडं बी आसंच चालतं. कागद न्हाई, सही न्हाई, साक्षीदार न्हाई. चैतात तो यायचा, काटी दुकानाच्या भिंतीला टेकवायचा आन् वरडायचा, "बसप्पा, च्या टाक बे!" बास. तोच करार.

आन् भांडायचो किती म्हनता! रोज! च्यात साखर कमी हाय, भांडन. त्याचं कुत्रं माझ्या गुळाच्या ढेपीला चाटलं, भांडन. इलेक्शनला तर तो एका पार्टीचा, मी दुसऱ्या पार्टीचा, आन् मतदानाला जायचो एकाच बैलगाडीत, वाटंनं एकमेकांच्या उमेदवाराच्या सात पिढ्या काढत. नीलाबाई म्हनायची, "तुमी दोगं गप बसलात की मला भ्याव वाटतं, कुनाला ताप तर न्हाई आला?" तर आसं सगळं नीट चाललं व्हतं. मंग आली शांतता.

म्हंजे आधी मोबाईल आले, इनकमिंग फुकट झालं, मंग पंचायतीत कॉम्प्युटर आला. चार मानसांनी धरून उतरवला, वरून प्लास्टिक, प्लास्टिकवर हळदीकुंकू. सहा महिने प्लास्टिक काढलं न्हाई, धूळ जाईल म्हनून. आन् एक दिवस तालुक्याहून कागद आला, केजला ट्रेनिंग हाय, गावचे दोन प्रतिष्ठित पाठवा. एक सरपंच बंकटराव. दुसरा प्रतिष्ठित कोन? तर जीपगाडीत एकच सीट शिल्लक व्हती आन् मी दुकानापुढं उबा व्हतो.

गेलो. हॉलवर हा एवढा मोठा बॅनर, 'डिजिटल युगात लोकशाही व शांतता बळकटीकरण अभियान'. आत साहेब, टाय घातलेला, भर चैतात! भिंतीवर मशीननं चित्रं दाखवायला लागला, तेवढ्यात लाईट गेली. पर साहेब थांबतोय व्हय? त्या काळ्याकुट्ट अंधारात पाऊन तास आमाला 'पारदर्शकता' समजून सांगितली. समजलं ते एवढंच, की गावात जेवढे तंटे आसतील ते कॉम्प्युटरात नोंदवायचे, मंग मिटवायचे, आन् मिटवले की मार्क. मार्क जास्ती पडले की गावाला ढाल, आन् ढालीसंगट डांबरी सडक!

सडक म्हनल्यावर माझे कान उबे राह्यले. आवं, पावसाळ्याचे चार महिने आमच्या गावात यष्टी येत न्हाई. बाळंतीन बाई बाजंवर घालून नेत्यात, चार गडी चिखलात, आन् पाचवा म्होरं कुठं खड्डा हाय ते सांगायला. म्या हात वर केला, "साहेब, आमच्या गावात तंटाच न्हाई, थेट सडक द्या." साहेबानं माझ्याकडं आसं बगितलं, जसा काय मी रोग लपवतोय. "तंटा न्हाई? मंग मिटवनार काय? तंटा न्हाई तर शून्य मार्क!" मायला, शांत गावाला शून्य मार्क! हे कुठलं गनित म्हनायचं? पन बंकटरावानं माझं धोतर खाली वढलं, "बसा आप्पा, तंट्याचं मी बगतो."

लगेच ग्रामसभा लावली. बंकटराव उटला, मिशीवरून हात फिरवला, "गावकऱ्यांनो, गावात तंटा न्हाई! कावून न्हाई? लाज वाटाय पाहिजे! आजूबाजूच्या गावात बगा, कुठं बारा हायत, कुठं पंधरा हायत!" सगळे माना खाली घालून. तेवढ्यात मागून म्हाळू उटला. म्हाळू म्हंजे ज्याच्या दोन म्हशी गायरानात चरत्यात, म्हंजे चरायच्या, कारन गायरान बंकटरावानंच नांगरून घेतलेलं. म्हाळू म्हनला, "सरपंच, गायरानाचाच लिवा की तंटा. खराखुरा हाय."

काय सांगू तुमाला... बंकटराव हासला. बंकटराव हासला की आमच्या गावात लोकं चपला शोधायला लागत्यात. म्हनला, "म्हाळू, त्यो तंटा न्हाई. त्यो विकास हाय. बस खाली." बसला. बसनार न्हाई तर काय करनार? त्याचं घर बंकटरावाच्या शेजारला हाय.

म्हंजे बगा, खरा तंटा सगळ्यांना ठावं, पन तो चालत न्हाई. आता खोटा शोधा! मंग बंकटरावाची नजर फिरत फिरत माझ्यावर आली, आन् मंग सुग्रीववर. "ह्ये दोगं! ह्यांच्यात काय बी लिवलं तरी तुटायचं न्हाई. ह्यांचाच तंटा लिवा, पंधरा दिसांत मिटवा, सडक घ्या!" टाळ्या! लोकशाही हाय म्हनून मतदान घेतलं, हात वर करा. सगळ्यांचे हात वर. सुग्रीवचा वर. माझा बी वर! मंडळी, आमच्या भांडनाला आमीच बहुमतानं मंजुरी दिली, हो!

दुसऱ्या दिवशी पंचायतीत गेलो. कॉम्प्युटरावर शिवांजली, बी.ए. झालेली लेक, लई सरळ, लई शिस्तीची. आमी दोगं हासत हासत एकाच बाकड्यावर. "सांगा काका, तंट्याचं कारन?" म्हनलं, "लिव, मेंढरं रानात शिरली, पीक खाल्लं." टक टक टक. म्हनली, "काका, हे लाल झालं. कारन कमीत कमी दहा ओळी पाहिजे, न्हाईतर फारम पुढं जात न्हाई." दहा ओळी? आवं, दीडशे मेंढरांनी पीक खाल्लं याच्या दहा ओळी कशा करायच्या? एकेक मेंढरू मोजायचं? सुग्रीव हासतोय, "लिव पोरी, काटी मारली म्हन." लिवलं. तरी लाल. "शिव्या दिल्या लिव." लिवलं. तरी लाल!

आन् हितंच, मंडळी, हितंच घोटाळा झाला. कावून तर, खोटं किती सुचनार हो मानसाला? आमी काय वकील हाव? आठ ओळीत आमचं खोटं संपलं. आन् कॉम्प्युटर तर लालच! मंग सुग्रीव हासत हासतच म्हनला, "लिव पोरी, हा दुकानदार आधी पायली शिगेनं भरायचा, आता शिगेवरून हात फिरवतो."

शीग म्हंजे कळतंय न्हवं? माप भरून वर डोंगुर राहतो तो. गिऱ्हाइकाला आपन हात फिरवून सपाट माप देतो. पाव्हन्याला, सोयऱ्याला, दोस्ताला शिगेनं. मी बी हासलो. पन ते हासनं गळ्यापर्यंत आलं आन् थांबलं. म्या बी मंग ठोकलं, "लिव, याची मेंढरं आधी आठ दिस बंकटरावाच्या रानात बसत्यात, सगळी लेंडी तिथं टाकत्यात, आन् माझ्याकडं नुसती बें बें करायला येत्यात!" सुग्रीव बी हासला. त्याचं बी तिथंच थांबलं. शिवांजली म्हनली, "काका, हिरवं झालं!"

हिरवं झालं म्हने! आठ ओळी खोट्या लिवल्या तवा लाल, आन् दोन ओळी खऱ्या लिवल्या की हिरवं! त्या मशीनला कुनी सांगितलं व्हतं?

म्हनलं जाऊ द्या, कागद हाय. बाहेर आलो. सुग्रीवनं काटी घेतली. म्हनलं, "च्या?" म्हनला, "मेंढरं एकलीच हायत." आवं, मेंढरं तीस वर्सं एकलीच असत्यात, तवा च्या प्यायचास न्हवं?

आता नियम आसा, की तंटा जाहीर वाचायचा. पारदर्शकता! तीच, अंधारातली. देवळाच्या भोंग्यावरनं वाचला बंकटरावानं, त्याच्या त्या भारी आवाजात, "...सदर दुकानदार हा मापावरून हात फिरवतो..." आख्खं गाव ऐकतंय, भाकरी तव्यावर सोडून बाया ऐकत्यात. आन् माझ्या दुकानात उबी आसलेली वच्छलाबाई, तिनं ऐकलं, माझ्या हातातल्या पायलीकडं बगितलं, माझ्याकडं बगितलं, आन् म्हनली, "आप्पा, जरा परत मापा." म्हनलं, "वच्छलाबाई, आवं खोटा तंटा हाय त्यो!" तर म्हनती, "खोटा कसा? कॉम्प्युटरात नोंद हाय की!"

तिकडं हातपंपावर नीलाबाई आन् सुग्रीवची साखराबाई, पाटच्या बहिनी म्हनाव्यात आशा. साखराबाई म्हनली म्हने, "आमाला हात फिरवलेलं माप, व्हय वैनी?" नीलाबाई म्हनली, "आन् आमाला बंकटरावाचं उष्टं खत, व्हय?" दोघींनी घागरी उचलल्या, एक इकडं, एक तिकडं. घरी येऊन नीलाबाई मला म्हनती, "खोटं बोलायचं व्हतं तर नीट खोटं बोलायचं! खरं कशाला सांगितलंत?" बगा! पन्नास वर्सं मानसं एकमेकाला सांगत आली खरं बोला, खरं बोला, आन् एकदा चुकून बोललो तर घरात जेवायला पिठलं!

मी पळत पंचायतीत. "शिवांजली, पुस बये ते." "काका, पुसता येत न्हाई. पासवर्ड जिल्ह्याला हाय." जिल्ह्याला फोन लावला, तर साहेबाची बदली झालेली. नव्या साहेबाला म्हनलं, आमी भांडलोच न्हाई. म्हनला, "आसं कसं? कॉम्प्युटरात नोंद हाय." म्हनलं, मी सोता बसवराज बोलतोय, ज्याचं भांडन हाय तो! तर म्हनतो, "तुमी आता तोंडी सांगताय. ती लेखी हाय." म्हनलं, मंग मिटलं म्हनून तरी लिवा! म्हनला, "मिटवायला तीस दिवस पाहिजेत. शिव्या आन् काटी हाय, म्हंजे गंभीर प्रकार. तवर दोन्ही पक्षांनी एकमेकांशी संपर्क टाळावा, शांतता राखावी." तीस दिवस! ऐन उन्हाळ्याचे! म्हंजे मेंढरं बसवायचे!

तुमाला सांगतो, ते तीस दिवस... तो रस्त्यानं मेंढरं घेऊन जायचा, मी दुकानात. तो मान खाली घालायचा, मी तराजू पुसायचो. त्या उन्हाळ्यात माझा तराजू एवढा पुसला गेला की पितळंचं पानी उडालं. आन् मेंढरं कुठं बसली? कुठं बसनार! बंकटरावाच्या रानात. म्हंजे त्याच नांगरलेल्या गायरानात. आख्खा महिना. फुकट! सरपंच आडल्या-नडल्याच्या मदतीला धावून आला म्हनून वर परत सत्कार.

एकतिसाव्या दिवशी समेट. समेटाचा फोटू पाहिजे, दोन्ही पक्ष गळाभेट घेताना. बंकटरावानं बीडहून डिजिटल कॅमेरा आनलेला. आमाला समोरासमोर उबं केलं. "घ्या गळाभेट!" मी हात पसरले, त्यानं बी पसरले, मधी एवढं आंतर की मधून एक शेळी गेली आसती. "जवळ या! हासा!" हासलो. खचाक. शिवांजली म्हनली, "सर, फोटूवर तारीख १ जानेवारी २००१ आलीय, कॉम्प्युटर घेनार न्हाई, तंट्याच्या आधीच समेट झालाय." परत घ्या! दुसऱ्या बारीला त्याच्या पागोट्यानं माझं तोंड झाकलं. परत घ्या! तिसऱ्या बारीला नीट आलं. तीन गळाभेटी झाल्या, मंडळी. तीस वर्सांत आमी एकदा बी एकमेकाला मिठी मारली नव्हती. गरजच नव्हती हो. आन् आता ज्या मानसाच्या गळ्यात पडलो, तो माझ्या कानाशी एक अक्षर बोलला न्हाई. मेंढराचा वास तेवढा यायचा, ओळखीचा.

म्हनलं आता झालं, नोंद मिटली, आपन मिटवू. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पारी त्याच्या वस्तीवर गेलो. लोकर कातरत बसलेला. साखराबाईनं पान्याचा तांब्या ठेवला आन् आत गेली. म्हनलं, "सुग्रीव, आरं खोटा कागद व्हता त्यो." "ठावं हाय." "मंग?" त्यानं कातर थांबवली. माझ्याकडं न बगता म्हनला, "बसप्पा, कागद खोटा व्हता. हात फिरवतोस का न्हाई, तेवढं सांग."

आता 'न्हाई बे, तुझा भरम हाय', एवढं म्हनायचं व्हतं. खोटं बोलायचं मला काय नवल? आख्ख्या गावासंगट बोललो व्हतो! पन गळ्यातलं लिंग जड झालं. फिरवत व्हतो हो मी हात. चार-पाच वर्सं झाली व्हती. नांदूरघाटाला नवं मोठं दुकान झालं, गिऱ्हाईक तिकडं पळालं, हात कवा आखडला ते मला बी कळलं न्हाई. गिऱ्हाइकाला फिरवता फिरवता दोस्ताला बी फिरला. हे त्याला सांगायचं, तर तोंडातून काय निघावं? "आधी तू सांग, मेंढरं पहिली बंकटच्या रानात बसत्यात का न्हाई?"

त्यानं परत कातर चालू केली. तांब्यातलं पानी तसंच.

त्याला बी काय करता येत व्हतं सांगा? बंकटरावाला न्हाई म्हनला तर आख्ख्या शिवारात मेंढरू चरायला जागा न्हाई. मला कळत न्हाई व्हय? कळतंय. त्याला बी माझं दुकान दिसतंय, माझ्या फळ्या रिकाम्या दिसत्यात. दोघांला दोघांचं सगळं ठावं व्हतं, कवाचंच. फक्त दहा ओळीत कुनी लिवलं नव्हतं. उटलो. "येतो" म्हनलं. तो 'च्या घे' म्हनला न्हाई.

आन् आमचं बगून गावात चढाओढ लागली ना! मार्क पाहिजेत! भाऊ-भाऊ, साडू-साडू, सासू-सून, सगळे हासत हासत फारम भरायला गेले आन् दहा दहा ओळी लिवून आले. बावीस तंटे! बावीसच्या बावीस मिटले, कॉम्प्युटरात नोंद हाय! म्हाळूचा तेवढा न्हाई, त्यो तंटा न्हाई ना, विकास हाय.

मंग तपासनीला साहेब आले. गाडीतून उतरले, पारावर उबे राह्यले. पारावर कुनी न्हाई. हातपंपावर एकेक बाई येती, घागर भरती, जाती. माझ्या दुकानापुढं गिऱ्हाईक उबं, बोटानं साखर दाखवतंय. साहेब डोळे मिटून म्हनतात, "वा! काय शांतता हो! लोकशाही रुजली की आसं होतं बगा." बंकटरावानं नारळ फोडला. शंभरात शहान्नव मार्क. ढाल आली. सडक बी आली, खोटं कशाला बोला, मोठ्या रस्त्यापासून थेट बंकटरावाच्या गायरानापर्यंत. तिथून गावापर्यंत चिखलच हाय, पन कॉम्प्युटरात गावापर्यंत नोंद हाय.

तर तलवाड्याच्या मंडळींनो, मार्गदर्शन ते काय करू मी? फारम भरा. भराच, भरल्याबिगर तुमची सुटका न्हाई. फक्त दोस्ताला घेऊ नका. एकांदा पक्का दुश्मन बगा, ज्याच्याशी आधीच बोलनं बंद हाय, त्याच्याशी समेट झाला तर काय जात न्हाई. मी चुकलो. मला लई याद येते हो त्याची. दिस उगवला की कान वाटंकडं, काटी भिंतीला टेकल्याचा आवाज येतो का म्हनून... आन् येत न्हाई.

बायको हाय, गाव हाय, ढाल हाय, सगळं हाय. पन माझ्याशी हक्कानं भांडनारा आख्ख्या गावात एकच मानूस व्हता, हो. आन् नेमका त्याच्याशीच माझा समेट झाला.